पाण्याची भिंत

इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा-खात्याचा एखादा तपशीलवार नकाशा उघडा आणि सफोक, एसेक्स किंवा वॉरिकशरच्या शेतांवरून बोट फिरवत जा. थोड्या वेळात एक निळा चौकोन सापडेल. कधी पूर्ण, कधी एक बाजू तुटलेला. आत एखादं शेतघर असेल, नाहीतर काहीच नसेल. शेजारी जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत एकच शब्द छापलेला असतो: मोट. ही अक्षरं नकाशाकार पुरातन अवशेषांसाठी राखून ठेवतात.

मोट म्हणजे खंदक. आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचा काही संबंध नाही. ज्या फ्रेंच शब्दावरून तो आला त्याचा अर्थ गंमत म्हणजे 'मातीचं टेकाड' असा होता. टेकाड उभारायचं तर भोवतीची माती खणावी लागते. कालांतराने टेकाडाचं नाव भोवतीच्या खड्ड्याला चिकटलं.

खंदक म्हटलं की आपल्यासमोर भुईकोट किल्ला उभा राहतो: तट, बुरूज, तोफा. पण या चौकोनांपैकी बहुतेकांत किल्ला कधीच नव्हता. होतं ते लाकडाचं किंवा दगडाचं एक घर, एखादं कोठार, तबेला, क्वचित छोटं प्रार्थनाघर. गावाच्या जमीनदाराचं घर असावं तसं. या लेखापुरतं आपण त्याला खंदकवाडा म्हणू. असे सुमारे ६,००० खंदकवाडे इंग्लंडमध्ये नोंदले गेले आहेत, आणि त्यातले बहुसंख्य साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांतले आहेत.

सहा हजार घरांना खंदकाची गरज पडावी इतके शत्रू त्या शंभर वर्षांत इंग्लंडच्या आतल्या भागात होते का? वेल्सची आणि स्कॉटलंडची सरहद्द धगधगत होती हे खरं. पण खंदकवाडे सर्वात दाट आहेत ते सरहद्दीपासून दूर, पूर्वेच्या आणि मध्य इंग्लंडच्या शेतीप्रदेशात. मग हे पाणी कोणासाठी अडवलं होतं?

चिकणमाती आणि घामाचा हिशेब

पहिलं उत्तर जमिनीत आहे. सफोक-एसेक्सच्या बऱ्याच भागात हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली जड चिकणमाती आहे. तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही. खड्डा खणला की पावसाचं पाणी त्यात साठून राहतं. वेगळं अस्तर लागत नाही. जिथे एवढ्याने भागत नसे तिथे जवळच्या ओढ्यातून पाट काढून पाणी आत घेत आणि दुसऱ्या टोकाला मोरी ठेवून जास्तीचं बाहेर सोडत.

याच मातीचा त्रासही होता. हिवाळाभर अंगण चिखलाने भरलेलं असे. खंदक खणून निघालेली माती मधल्या जागेवर पसरली की ती हातभर उंच होई आणि घराभोवतीचं पाणी खंदकात उतरे. म्हणजे खंदक हा घर कोरडं ठेवायचा उपायही होता. शिवाय गुरांना प्यायला, आगीच्या वेळी उपसायला पाणी दारातच. लाकूड आणि गवताच्या छपरांच्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण नुसता निचरा हवा असेल तर दोन हात रुंदीचा चर पुरतो. खंदक त्याहून फार मोठे आहेत. एक कच्चा हिशेब मांडून पाहू. मधली जागा ५० मीटर लांब-रुंद धरू, खंदक वर १० मीटर आणि तळाशी ४ मीटर रुंद, खोली २ मीटर. खणायची माती झाली सुमारे ३,३६० घनमीटर, वजनात जवळपास सहा हजार टन. फावडं आणि टोपलीने एक माणूस ओली चिकणमाती दिवसाला दोन घनमीटर खणून वर टाकतो असं मानलं, तरी १,६८० दिवसांची मजुरी झाली. तीस माणसं जवळपास दोन महिने.

इसवी सन १३००च्या आसपास अकुशल मजुराला दिवसाला दीड-दोन पेनी मिळत. २४० पेनींचा एक पौंड. म्हणजे आपला काल्पनिक खंदक दहा ते चौदा पौंडांना पडला. त्या काळात वर्षाला वीस ते चाळीस पौंडांचं उत्पन्न असलेल्या माणसाला राजा सक्तीने नाइट व्हायला लावी. अशा माणसाने घराभोवती पाणी फिरवायचं ठरवलं तर त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा लचका जाणार. शत्रूची भीती नसताना एवढा खर्च माणूस का करतो, हे समजायला आपल्याला तेरावं शतक कशाला हवं? लग्नाचा मांडव आणि घराचं फाटक पाहिलं तरी पुरे.

मी कोण आहे ते लांबून दिसावं

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घराच्या भिंतीवर किल्ल्यासारखे दाते काढायचे, तर राजाचा परवाना घेण्याची पद्धत होती. नुसत्या खंदकाला मात्र असा परवाना लागत नसे. ज्याला किल्ला परवडत नव्हता, किंवा ज्याची तेवढी पत नव्हती, त्याला किल्ल्याची एक खूण पाण्याच्या रूपात मिळत होती. पूल एकच, दार एकच. येणाऱ्याला थांबावं लागे, आतून कोणी ओळख पटवल्यावर पुढे जाता येई. घर साधंच असलं तरी पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडे आणि ते दुप्पट उंच दिसे.

वॉरिकशरमधल्या आर्डनच्या जंगलपट्ट्यात हे स्पष्ट दिसतं. बाराव्या-तेराव्या शतकांत इथे झाडं तोडून नवी शेतं काढली जात होती. जंगल साफ करणाऱ्यांत लहान जमीनदार होते, तसेच स्वतंत्र कुळंही होती: ज्यांना कोणाच्या शेतावर वेठीला जावं लागत नव्हतं, पण ज्यांच्या नावामागे घराणंही नव्हतं. इथल्या काही खंदकवाड्यांचे मालक असे लोक होते. त्यांचे खंदक लहान, उथळ, कधी तीनच बाजूंचे. शेजारच्या गावातल्या वेठबिगार कुळापासून आपण वेगळे आहोत, हे सांगायला तेवढं पाणी पुरत होतं.

व्यापाऱ्यांनाही हीच ओढ होती. वेल्सच्या सरहद्दीलगत श्रॉपशरमध्ये स्टोकसे नावाचा वाडा आहे. तो बांधला लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने. त्याला १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीचा परवाना मिळाला. भोवती खंदक, एका टोकाला बुरूज. पण मुख्य दालनाच्या खिडक्या पाहिल्या तर हसू येतं. उंचच उंच, भरपूर उजेड देणाऱ्या. वेढा घालायला आलेल्या शत्रूला याहून सोयीचं काय हवं? १२९४ मध्ये लोकर घेऊन निघालेलं जहाज बुडालं आणि लॉरेन्स त्यात गेला. वाडा अजून उभा आहे.

मग आहे ससेक्समधला बोडिअम. पोस्टकार्डावर सगळ्यात जास्त शोभणारा, तळ्यातून उगवल्यासारखा दिसणारा किल्ला. सर एडवर्ड डॅलिंग्रिज याला १३८५ मध्ये त्याचा परवाना मिळाला. शत्रूंपासून आजूबाजूच्या मुलखाचं रक्षण, हे कारण परवान्यातच नमूद आहे, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं: १३७७ मध्ये फ्रेंचांनी जवळचं राय हे बंदर जाळलं होतं. तरीही गेल्या काही दशकांत अनेक इतिहासकारांनी या किल्ल्याच्या संरक्षणक्षमतेवर बोट ठेवलं आहे. खंदकाचं पाणी मातीच्या बांधाने अडवलेलं आहे. बांध फोडला की खंदक रिकामा. दालनाला मोठ्या खिडक्या. आणि प्रवेशाचा जुना मार्ग असा वळवलेला की पाहुण्याने पाण्यावरून जाताना किल्ला नीट डोळ्यात भरून घ्यावा.

दुसरी बाजूही मांडायला हवी. पाणी खरोखर लढाईत उपयोगी पडल्याची उदाहरणं आहेत. वॉरिकशरमधल्या केनिलवर्थ किल्ल्याभोवती बांध घालून केलेलं विस्तीर्ण तळं होतं. १२६६ मध्ये राजा तिसरा हेन्री याने बंडखोर सरदारांचा हा किल्ला वेढला. पाण्यामुळे भिंतीखाली सुरुंग खणता येईना. वेढा सहा महिने चालला आणि शेवटी आतल्यांना हरवलं ते भुकेने आणि रोगराईने. तेरावं शतक शांततेचं नव्हतं. घरफोडे, शेजारच्या जमीनदाराची गुंड माणसं, भुरटे चोर यांना दहा मीटर पाणी नक्कीच अडवत असणार. पण केनिलवर्थ राजेशाही किल्ला होता. सफोकमधल्या शेतात एकटं उभं असलेलं घर सैन्यासमोर दोन दिवसही टिकलं नसतं, आणि ते मालकाला माहीत होतं.

तेव्हा खंदक अडवत होता तो मुख्यतः परका सैनिक नव्हता. तो शेजाऱ्याला त्याची जागा दाखवत होता. ही गोष्ट सर्वात नागडेपणाने दिसते ती खंदकाच्या जुळ्या भावंडात, म्हणजे मासळीच्या तळ्यात.

उपवासाचा मासा

आपल्याकडे उपवास म्हणजे मासे बंद. मध्ययुगीन युरोपात नेमकं उलट होतं. चर्चच्या नियमानुसार शुक्रवारी, बहुधा शनिवारी, ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि इतर अनेक पवित्र दिवसांच्या आदल्या दिवशी चार पायांच्या प्राण्याचं मांस वर्ज्य असे. मासा मात्र चाले. असे सगळे दिवस मोजले तर वर्षातले दीडशेच्या आसपास भरतात. पळवाटाही निघाल्या. बार्नेकल गूज नावाचं बदक समुद्रातल्या लाकडांवर उगवतं, म्हणून ते मांस नाही, असं म्हणून काही धर्मगुरू ते उपवासाला खात. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स याने त्यावर टीका केली आहे.

सर्वसामान्य माणूस उपवासाला काय खाई? परवडला तर खारवलेला किंवा धुरावलेला हेरिंग, नाहीतर उत्तर समुद्रापलीकडून आलेला सुकवलेला कॉड. इंग्लंडमधल्या उत्खननांत मिळणाऱ्या माशांच्या हाडांवरून दिसतं की इसवी सन १०००च्या आसपास समुद्रातल्या मासळीचं प्रमाण एकदम वाढलं. पिंपात भरून आलेला खारा मासा हे गरिबांचं आणि मध्यमवर्गाचं अन्न झालं.

गोड्या पाण्यातला ताजा मासा ही वेगळीच चीज होती. ब्रीम, टेंच, पर्च, रोच आणि सर्वात मानाचा पाईक, लांबट तोंडाचा, इतर मासे गिळणारा शिकारी. मोठ्या पाईकची किंमत कुशल कारागिराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असे. हे मासे मिळवायचे तर नदीत हक्क हवा, नाहीतर स्वतःचं तळं हवं.

तळं बांधणं हे खंदकापेक्षा जास्त कौशल्याचं काम होतं. उतार पाहून लहान ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, पोटात चिकणमाती कुटून भरायची म्हणजे पाझर लागणार नाही. पुराचं पाणी बाजूने काढून द्यायला चर, तळ्याचं पाणी सोडायला लाकडी दार. तळी बहुधा एकटी नसत, ओळीने असत. लॅटिन कागदपत्रांत त्यांना दोन नावं आहेत. मोठं ते व्हायव्हेरियम, जिथे मासे वाढतात. लहान, वाड्याजवळचं ते सर्व्हेटोरियम, जिथे पकडलेले मासे स्वयंपाकघराचा निरोप येईपर्यंत जिवंत ठेवतात. एका अर्थी पाण्याचा फ्रीज.

दर काही वर्षांनी तळं पूर्ण रिकामं करत. मासे वेचून दुसरीकडे हलवायचे, बांध दुरुस्त करायचा, तळाचा काळा गाळ काढून शेतात टाकायचा. कधी कधी कोरड्या तळात एक हंगाम गुरं चारत किंवा पीक घेत, मग पुन्हा पाणी भरत. खंदकातही मासे सोडले जात, पण वाड्याचे शौचकूप अनेकदा थेट खंदकातच उतरत. बोडिअमला तसंच आहे. त्यामुळे पाहुण्यांच्या ताटातल्या माशासाठी ओढ्याच्या वाहत्या पाण्यावरचं वेगळं तळं बरं.

इंग्लंडमध्ये अशा सुमारे दोन हजार मत्स्यतळ्यांच्या जागा नोंदल्या गेल्या आहेत. सर्वात सविस्तर माहिती आहे ती विंचेस्टरच्या बिशपांच्या तळ्यांची, कारण त्यांच्या जहागिरीचे वार्षिक हिशेब १२०८-०९ पासून सापडतात. हॅम्पशरमधलं आल्रसफर्डचं मोठं तळं बिशप गॉडफ्री द लूसी याच्या काळातलं, म्हणजे ११८९ ते १२०४ दरम्यानचं मानलं जातं. त्याच्या बांधावरून आजही रस्ता जातो. एवढं पाणी, एवढे बांध, आणि मासे विकायला? जवळपास नाहीच. ते बिशपच्या पंगतीला, भेटीला आलेल्या राजाला, मेहेरबानी करायची त्या मित्राला. बाजारात जे पैशाने मिळत नाही ते आपल्या ताटात आहे, यातच त्या माशाची चव होती.

पाण्याखाली गेलेली जमीन

तळं बांधायचं म्हणजे कोणाची तरी जमीन बुडणार. ही गोष्ट धरणं पाहिलेल्या आपल्या माणसाला वेगळी सांगायला नको.

इंग्लंडमधलं एक जुनं आणि नोंदलेलं उदाहरण यॉर्कचं आहे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०६८-६९ च्या सुमारास यॉर्कमध्ये किल्ले उभारले आणि फॉस नदीवर बांध घातला. किल्ल्याच्या खंदकाला पाणी मिळालं आणि शहराच्या कडेला पसरलेलं मोठं तळं झालं. राजाचं मत्स्यतळं असंच त्याचं नाव पडलं. खंदक आणि तळं इथे एकाच पाण्याचे दोन उपयोग होते. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, डूम्सडे बुक ही देशभराची महसुली पाहणी झाली. तिच्यात कारकुनाने कोरडेपणाने लिहून ठेवलं आहे की राजाच्या तळ्याने वीस शिलिंग किमतीच्या दोन नव्या गिरण्या नष्ट केल्या आणि एका नांगराच्या जोगती शेतं, कुरणं, बागा गिळल्या. कोणाच्या होत्या, त्यांचं पुढे काय झालं, याची चौकशी महसूल खात्याच्या कामात बसत नव्हती.

नंतरच्या दोन शतकांत पाण्याभोवती कायद्याचं कुंपण वाढत गेलं. १२३६ मध्ये मर्टन इथे भरलेल्या सभेत सरदारांनी तिसऱ्या हेन्रीकडे मागणी केली: आमच्या शिकारबागांत आणि मत्स्यतळ्यांत चोरी करताना सापडलेल्यांना आमच्या स्वतःच्या तुरुंगात टाकायचा अधिकार द्या. राजाने नाही म्हटलं. चोरांची दया आली म्हणून नव्हे, तुरुंगाचा अधिकार हातचा जाऊ द्यायचा नव्हता म्हणून. त्याच सभेच्या कायद्यात दुसरं कलम आहे: कुळांना पुरेसं चराऊ रान उरत असेल तर उरलेल्या सामायिक रानाचा जमीनदाराने स्वतःसाठी उपयोग करायला हरकत नाही. पुरेसं म्हणजे किती, हा वाद पुढे शेकडो वर्षं चालला.

१२७५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने सरदारांना हवं ते बरंचसं दिलं. शिकारबागेत किंवा मत्स्यतळ्यात घुसून नुकसान केल्याचं सिद्ध झालं तर मालकाला भरपाई, तीन वर्षं कैद, वर राजा ठरवेल तो दंड. सुटल्यावर पुन्हा असं करणार नाही म्हणून जामीन द्यायचा. जामीन मिळाला नाही तर देश सोडायचा. उपवासाच्या दिवसांत शेजारच्या तळ्यातला एक पाईक पकडायचा मोह झालेल्या कुळासाठी ही शिक्षा होती.

चोऱ्या थांबल्या नाहीत. थांबणाऱ्याही नव्हत्या, कारण माणसांच्या मनात वाहतं पाणी आणि त्यातला मासा हे गव्हाच्या पोत्यासारखं कोणाचं खाजगी धन नव्हतं. आणि हा राग फक्त गरिबांपुरता नव्हता. बोडिअमचा तोच डॅलिंग्रिज १३८४ मध्ये आरोपी म्हणून उभा होता: राजाचा काका जॉन ऑफ गाँट याच्या राखीव रानात घुसून शिकार केली, त्याच्या माणसांवर हल्ले केले, असे आरोप होते. पुढच्याच वर्षी त्याला किल्ल्याचा परवाना मिळाला. कायदा तोच असला तरी आरोपी कोण आहे यावर बरंच अवलंबून होतं.

१५ जून १३८१

१३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची निम्म्याच्या आसपास माणसं मारली. मजूर कमी झाले, मजुरी वाढू लागली. सरकारने कायदा करून ती दाबली. वेठ चालू राहिली. त्यावर डोईपट्टी आली आणि १३८१च्या उन्हाळ्यात केंट आणि एसेक्सची खेडी उठली. बंडखोर लंडनमध्ये घुसले, जॉन ऑफ गाँटचा सव्हॉय राजवाडा जाळला. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात त्यांचा पुढारी वॉट टायलर चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डसमोर उभा राहिला.

टायलरच्या मागण्यांत वेठबिगारीचा अंत ही मोठी मागणी होती. ती इतिहासाच्या पुस्तकांत असते. पण लेस्टरच्या मठातला इतिवृत्तकार हेन्री नाइटन याने आणखी एक मागणी नोंदवली आहे: राज्यातली सगळी राखीव पाणी, तळी, रानं आणि शिकारबागा सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात, गरिबालाही श्रीमंतासारखं तिथे मासे धरता यावेत, शिकार करता यावी. नाइटनला बंडखोरांचं प्रेम नव्हतं. तो स्वतः जमीनदार मठाचा माणूस होता. तरीही त्याला ही मागणी लिहिण्याइतकी महत्त्वाची वाटली.

काही लोकांना मासा म्हणजे किरकोळ बाब वाटेल. ज्याच्या गावात दीडशे दिवस मासा हेच मानाचं अन्न आहे, ज्याच्या आजोबांनी वाड्याचा खंदक खणायला मजुरी केली, ज्याच्या कुरणावर तळ्याचं पाणी चढलं, त्याला ती किरकोळ कशी वाटणार? स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्याला रोज त्या बांधावरून जाताना दिसत होतं.

त्याच दिवसांत लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स गावात मठाविरुद्ध लोक उठले. तिथलं जुनं भांडण दळण, शिकार आणि मासेमारीच्या हक्कांचं. पन्नास वर्षांपूर्वी मठाने गावकऱ्यांची हातजाती जप्त केली होती, म्हणजे लोकांनी पैसे देऊन मठाच्याच गिरणीवर दळावं. आणि ते दगड मठाच्या एका खोलीत फरशी म्हणून बसवले होते. लोकांनी ती फरशी उखडली, तुकडे केले, प्रसादासारखे वाटून घेतले. मठाच्या राखीव रानातला एक जिवंत ससा पकडला आणि गावाच्या चौकात, गुन्हेगारांना अडकवतात त्या खांबावर बांधला. शिकारीचा हक्क आता आमचा, हे सांगायला त्यांना सनद वाचून दाखवायची गरज पडली नाही.

टायलरला स्मिथफील्डवरच भोसकलं गेलं. सेंट ऑल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. राजाने दिलेली आश्वासनं काही आठवड्यांतच मागे घेतली गेली. तळी राखीवच राहिली.

पाणी ओसरल्यावर

बंडाने जे झालं नाही ते हळूहळू मजुरीच्या दराने केलं. माणसं महाग झाल्यावर बांध राखणं, गाळ काढणं परवडेना. अनेक मालकांनी तळी भाड्याने द्यायला सुरुवात केली. पंधराव्या शतकात कार्प हा परदेशी मासा तळ्यांत आला. साचलेल्या पाण्यातही भराभर वाढणारा. १४९६ मध्ये छापलेल्या गळाने मासे धरण्याच्या एका पुस्तिकेत तो इंग्लंडमध्ये दुर्मीळ असल्याचं म्हटलं आहे.

१५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केले आणि त्यांची तळी नव्या मालकांकडे गेली. धर्म बदलला तसा उपवासाचा धाक कमी झाला. १५६३ मध्ये सरकारने बुधवारही मासे खायचा दिवस ठरवला, पण कारण पुण्याचं नव्हतं. मच्छीमार टिकले तर आरमाराला खलाशी मिळतील, असा तो हिशेब होता. तळ्यांना त्याचा उपयोग नव्हता. यॉर्कचं राजाचं तळं गाळाने भरत गेलं. आज त्या जागेवरून फॉस आयलंड्स नावाचा रस्ता जातो.

खंदकवाड्यांचंही असंच झालं. काहींच्या जागी विटांची शेतघरं आली, काही मालक दुसरीकडे राहायला गेले, लाकडी घरं कुजली. खंदक मात्र राहिला, कारण सहा हजार टन माती परत भरायला कोणाला वेळ होता? पुरातत्त्वज्ञांसाठी हे चांगलंच झालं. खंदकाच्या तळाच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून एरवी कुजून जाणाऱ्या गोष्टी तिथे टिकतात: चामड्याचा बूट, लाकडी वाडगा, फळांच्या बिया, परागकण. वाड्याच्या मालकाचं नाव कागदावर सापडत नसलं तरी त्याच्या बागेत काय पिकत होतं हे कळू शकतं. त्याच गाळात खंदक खणणाऱ्याची खूण मात्र फारशी मिळत नाही. तो दिवस मावळला की दीड पेनी घेऊन घरी जात होता.

आता हे सगळं फोनवर पाहता येतं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची, म्हणजे लायडारची माहिती, सर्वांसाठी मोफत खुली केली आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आणि ही लायडारची चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. झाडं आणि गवत नाहीसं होतं आणि नांगरलेल्या शेतात बुजत आलेला चौकोन उठून दिसतो. त्याच्या खालच्या अंगाला ओढ्यावर एक आडवी रेघ असते, ती बांधाची. आणि बांधामागे एक सपाट, किंचित खोलगट जागा.

चौकोन सापडला की आधी त्याच्या मालकाचा विचार मनात येतो. कोण होता, किती श्रीमंत होता, घर कसं दिसत असेल. त्याला ते आवडलं असतं. खंदक त्याने त्यासाठीच खणून घेतला होता. पण नकाशा थोडा खाली सरकवून त्या खोलगट जागेकडेही बघावं. तळं भरण्याआधी तिथे कोणाचं तरी कुरण होतं, आणि भरल्यानंतर त्याच माणसाला तिथला मासा धरला म्हणून तीन वर्षांची कैद होऊ शकत होती. १३८१ मध्ये लंडनपर्यंत चालत गेलेल्यांत अशा कुरणांची माणसं नक्कीच असणार.